शेवटचा हात

निलेश : आता दाब.

नम्रता : दाबला.

निलेश : काय झालं?

नम्रता : आतल्या पंख्यानं अर्धी गिरकी घेतली आणि थांबला. मघाशी थांबला होता तसाच.

निलेश : पडद्यावर काय आलं?

नम्रता : पडद्यावर मी आले. काळ्या काचेत दुसरं काय दिसणार?

निलेश : बंद कर. किती वाजले?

नम्रता : बारा वाजून गेले. शाळेचे चेअरमन हैबतराव तीनला येणार ना?

निलेश : तीनला. हेडमास्तरांना जीपमध्ये घालून रोह्याहून आणतायत. सकाळी पेणला जाऊन बूथवरून फोन केला तर म्हणाले, तुमच्या हमरापूरला येतो, एक कंप्युटर चालवून दाखव, शाळेची दहाच्या दहा मशिनं तुलाच. नाय चाललं तर उद्या पनवेलच्या डीलरला कळवणार.

नम्रता : आणि काल संध्याकाळी चांगलं चालत होतं.

निलेश : तू तुझं नाव टाइप केलंस की त्याच्यावर.

नम्रता : केलं. म्हणूनच विचारते, एका रात्रीत काय झालं त्याला?

जगन : नवं हाय. घेईल दमानं.

निलेश : दादा, तो बैल नाय. तू तुझं काम कर.

जगन : तेच करतोय. गणपतीची सोंड घासतोय. मी काय तुझ्या मधी येत नाय.

निलेश : नम्रता, मी सकाळी पेणला जाताना मशीनवर चादर टाकून गेलो होतो. आलो तेव्हा चादर घडी करून बाजूला ठेवलेली. तू काढलीस?

नम्रता : नाही.

निलेश : ओल्या फडक्यानं पुसलंस का? खरं सांग. या कारखान्यात सगळीकडं पांढरी धूळ बसते, आणि धूळ दिसली की तुला राहवत नाय.

नम्रता : मी सकाळपासून चुलीपुढं आहे. चार कारागिरांचं जेवण कोण करतं? पडवीत पाऊलसुद्धा टाकलं नाही.

निलेश : मग चादरीला काय पाय फुटले?

नम्रता : ते चादरीला विचारा.

निलेश : तुझ्याशिवाय याला हात लावणार कोण? कान्हू कारागीर तर करंट लागेल म्हणून लांबून जातो. पुसलं असशील तर सांग. आत पाणी गेलं असेल तर सुकवता येतं, पण मला कळायला तर पाहिजे.

नम्रता : कंपनीतली परमनंट नोकरी सोडताना मला विचारलं नाहीत. मुंबईला जाऊन लॅमिंग्टन रोडवरून हे सगळे पार्ट आणलेत, तेव्हा विचारलं नाहीत. आता बिघडलं तर पहिला प्रश्न मला. माझ्या माहेरी रोह्यात सगळे विचारतात, जावई शिफ्टला दिसत नाहीत हल्ली. मी सांगते, रजेवर आहेत. दोन महिने रजेवर आहेत. आणि तुम्ही मला फडक्याचं विचारताय.

निलेश : पुसलंस की नाय?

नम्रता : नाही पुसलं.

जगन : भांडू नका रं. माणसं यायची हायत.

निलेश : स्क्रूड्रायव्हर दे. छोटा. आणि तो खोडरबर.

नम्रता : खोडरबर कशाला?

निलेश : ही मेमरीची पट्टी. तिचे सोनेरी दात कळकट झाले तरी असं होतं. घे, दातांवरून हळू फिरव. बोट लावू नको.

नम्रता : घासले. चकचकीत आहेत.

निलेश : बसवली. दाब.

नम्रता : अर्धी गिरकी.

निलेश : हार्ड डिस्क काढतो. फ्लॉपी काढतो. आता दाब.

नम्रता : तेच.

निलेश : हे डिस्प्ले कार्ड असं का राहतंय? काल सरळ आत गेलं होतं. आज वरच राहतंय, आणि त्याची पट्टी खालून वाकलीय. कीबोर्डची पिनसुद्धा मागच्या भोकात घासत जातेय.

नम्रता : जोर लावून बघा.

निलेश : जोर लावायची वस्तू नाय ती.

जगन : घाई करू नको. हात थरथरतो मग तुझा.

निलेश : माझा हात थरथरत नाय, दादा.

जगन : बरं. नाय थरथरत.

निलेश : सप्लाय बघतो. ह्या दोन पिना बोर्डात बसतात त्या. काळ्या वायरी एकमेकीला लागून पाहिजेत. उलट्या बसवल्या तर बोर्ड जळतो. बघ तू पण. मला आता माझा भरवसा वाटत नाय.

नम्रता : काळ्याशेजारी काळीच आहे.

निलेश : मग तेही बरोबर. आता सप्लाय बोर्डापासून तोडला. नुसती हार्ड डिस्क जोडलीय. दाब.

नम्रता : फिरला. अहो, थांबत नाही. फिरतोच आहे.

निलेश : म्हणजे सप्लाय चांगला. बोर्ड जोडला की मरतो. म्हणजे बोर्ड गेला.

नम्रता : गेला म्हणजे?

निलेश : गेला म्हणजे गेला. दुसरा मुंबईला मिळतो, आणि तीनच्या आत कोण मुंबईला जाऊन येतंय.

नम्रता : मग हैबतरावांना काय सांगायचं?

निलेश : सांग, महिपती मूर्तिकारांचा धाकटा मुलगा. त्याच्या हातून एक वस्तू धड होत नाय.

जगन : असं बोलू नये.

निलेश : का नाय बोलू? सत्त्याण्णव साल उजाडलं, आता गावोगावच्या शाळांत कंप्युटर येणार. मला वाटलं, आपण आधी उभं राहावं. एवढी एकच वस्तू या घरात पहिल्या स्क्रूपासून माझी होती. साचा तुझा नाय, नाव आबांचं नाय. हे चाललं असतं तर रोह्याला गाळा घेऊन माझ्या नावाची पाटी लावणार होतो. दुसरं काय मागत होतो मी?

जगन : मूर्त्या बी तुझ्या हायतच की. दरसाल करतोस चार-पाच, रजा काढून.

निलेश : त्या आहेत म्हणून तर ही हिंमत केली. लोक माझ्या मूर्त्यांचे डोळे नावाजतात, म्हणून वाटलं, आपल्या बोटांत काहीतरी आहे. कंपनीत नुसते व्हॉल्व्ह फिरवण्यापेक्षा ती कुठंतरी लावावीत.

नम्रता : अहो, परवा तुम्ही हे पहिल्यांदा जोडलंत तेव्हा डब्यात नव्हतं घातलं. बाहेर पाटावर मांडून चालवलं होतं. आता तसं एकदा बघा ना.

निलेश : बोर्ड गेलाय, नम्रता.

नम्रता : गेलाय तर गेलाय. बघायला काय जातं?

निलेश : दादा, तो कोरा पाट दे तुझ्याजवळचा.

जगन : ह्यो घे. पुसून घे, त्यावर शाडू हाय.

निलेश : हे स्क्रू कोणी एवढे आवळले? मी तर इतके... नम्रता, धर इथं. बोर्ड निघाला. पाटावर ठेवला. सप्लाय, मेमरी. हे कार्ड आता बघ कसं सरळ गेलं. पडद्याची वायर लाव. दाब.

(बारीक ‘टूक’ असा आवाज. पंखा फिरत राहतो.)

नम्रता : आकडे आले. पडद्यावर आकडे पळतायत.

निलेश : मेमरी मोजतोय तो.

नम्रता : मग बोर्ड गेला नाही.

निलेश : नाय गेला. बोर्ड जिवंत आहे, सप्लाय जिवंत आहे. पाटावर चालतो आणि डब्यात घातला की मरतो. डबा इकडं घे, दाराच्या उजेडात. या पत्र्यावर सहा पितळी खुंट्या होत्या, नखाएवढ्या. बोर्ड त्यांच्यावर टेकतो. दिसतायत तुला?

नम्रता : नुसती भोकं दिसतायत.

निलेश : बोर्ड थेट पत्र्यावर बसवला होता. खालची सगळी सोल्डरची टोकं पत्र्याला चिकटली, मग शॉर्ट होणारच. पंखा काय फिरणार. पण मी नाय असा बसवला. शप्पथ सांगतो, मी असा नाय बसवला.

जगन : त्या डबीत हायत. ब्रशांच्या.

निलेश : काय?

जगन : खुंट्या. मी काढल्या.

निलेश : तू?

जगन : तू पेणला गेलास ना सकाळी. मोठी माणसं यायची, म्हटलं एकदा नजर टाकावी. चादर काढली. बघतो तर तुझी ती हिरवी पाटी पत्र्यापासून वर, अधांतरी. खालनं बोट जात व्हतं. मला कसंतरीच झालं. मूर्ती पाटावर बसवली नि खाली फट ऱ्हायली तर वाटेत हादऱ्यानं बुडातून तडा जातो, तुला ठावं हाय. ह्ये तर टेंपोनं रोह्याला जायचं. म्हणून खुंट्या काढल्या नि तेच स्क्रू त्याच भोकांत घट्ट मारले. ते कार्ड काय नीट बसंना, त्याला जरा दाबलं. पण पाटी छान टेकली.

निलेश : टेकली.

जगन : चांगल्यासाठी केलं रं.

नम्रता : दादा, हे मला बोलत होते तेव्हा तुम्ही इथंच बसला होतात.

जगन : व्हय.

नम्रता : चादर कुणी काढली, फडकं कुणी मारलं. सगळं तुमच्यासमोर. तुम्ही म्हणालात, भांडू नका.

जगन : माझ्यामुळं बिघडलं असंल असं मनात बी आलं नाय गो. मी नीट केलं व्हतं ते.

नम्रता : चादर तुम्ही काढलीत एवढं तरी माहीत होतं?

जगन : तेवढं ठावं व्हतं.

नम्रता : आणि गप्प बसलात.

जगन : बसलो.

निलेश : नम्रता, मी तुला उगाच...

नम्रता : आधी खुंट्या लावा. माझं राहू दे.

निलेश : डबी दे दादा. एक. दोन. मला विचारायचं तरी होतंस. तासाभरात मी परत आलो असतो.

जगन : इचारायचं काय त्यात? नेहमी बघतो तसं बघितलं.

निलेश : नेहमी म्हणजे?

जगन : माल भायेर जायच्या आधी शेवटचा हात. आधी आबा फिरवायचे, आबांच्या मागं मी. आपल्या कारखान्याची रीत हाय ती. नाव घराण्याचं जातं ना भायेर.

निलेश : ती कारागिरांच्या मूर्त्यांना. कान्हूच्या, जनूच्या. माझ्या तर तू वेगळ्या फळीवर ठेवायचास. मला म्हणायचास, तुझ्या मूर्त्यांना कोण हात लावणार.

जगन : वेगळ्या ठेवल्या की ध्यानात ऱ्हायच्या.

निलेश : काय ध्यानात राहायचं?

जगन : तुझ्या कंच्या ते.

नम्रता : म्हणजे यांच्या मूर्त्यांवरसुद्धा तुम्ही हात फिरवायचात.

जगन : थोडा. डोळ्यांची आखणी तेवढी. कधी बोटं. याची रेघ जाड येते, नि शेवटाला हलते. हा जेवायला गेला की पुसून परत काढायचो. चार मूर्त्यांना किती वेळ लागतो?

निलेश : कधीपासून?

जगन : तू ब्रश धरलास तवापासनं.

निलेश : सगळ्या?

जगन : मोजल्या नाय.

निलेश : पेणच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, निलेश, तुझ्या गणपतीच्या डोळ्यांवरून नजर निघत नाही. मी त्यांना बसवून चहा पाजला.

जगन : ठावं हाय. दूध आणायला मीच गेलो व्हतो.

निलेश : मी सांगत बसलो होतो त्यांना, डोळ्याची कड कशी घ्यायची. तू दूध घेऊन आलास आणि उभा राहून ऐकलंस.

जगन : मग काय करणार व्हतो? परक्या माणसासमोर तुझी शोभा करू?

निलेश : आणि घरचा गणपती? आईसाठी करायचो तो? आई गेली त्या साली तिला बसवत नव्हतं, तरी उशीला टेकून बसली त्याच्याकडं बघत.

जगन : तो बी.

नम्रता : आईंचा तरी सोडायचा होता, दादा.

जगन : आईलाच तर चांगला द्यायचा व्हता.

नम्रता : अहो. सहावी खुंटी तुमच्या मुठीत आहे. लावा.

निलेश : हो. लावतो.

नम्रता : मी धरते बोर्ड. तुम्ही स्क्रू घाला. कार्ड नीट बसलं. कीबोर्डची पिन पण सरळ गेली बघा. दाबू?

निलेश : दाब.

नम्रता : चालू झालं. आकडे आले... पुढं सरकलं. सगळं कालच्यासारखं आलं. तुम्ही बघत पण नाही आहात.

निलेश : बघितलं.

जगन : झालं ना चालू? दीड वाजलाय. जेवून घे, अंघोळ कर. हैबतरावांसमोर असा पांढरा होऊन उभा ऱ्हाऊ नको.

निलेश : दादा, आबांनी मला धाटावच्या कंपनीत घातलं, तेव्हा मला वाटलं, कारखान्याला दोघं जड होतात म्हणून घातलं.

जगन : ते बी व्हतंच.

निलेश : अजून काय होतं?

जगन : आबांचे डोळे तवा अधू झाले व्हते. त्यांना दिसत नव्हतं. मला इचारलं, धाकट्याचा हात कसा हाय.

निलेश : तू काय सांगितलंस?

जगन : मला दिसलं ते.

निलेश : काय दिसलं तुला?

जगन : म्हटलं, कामाला लावा कुठंतरी. पगार तरी मिळंल.

नम्रता : नऊ वर्षं यांनी तिन्ही शिफ्ट केल्या. केमिकलच्या वासानं अन्न जायचं नाही पोटात. रजा काढून इथं यायचे, चार मूर्त्या रंगवायला. मी चिडायचे. मग वाटायचं, जाऊ दे, त्यातच यांचा जीव आहे.

जगन : म्हणून तर कधी बोललो नाय. त्याला बरं वाटायचं, वाटू द्यावं.

निलेश : तुझ्या हाताशिवाय माझी एक तरी गेली का इथून? जशी मी केली तशी?

जगन : आता कशाला ते? मशीन चाललं तुझं.

निलेश : एक तरी.

नम्रता : सांगा, दादा. एवढं सांगितलंत, तेवढंही सांगा.

जगन : एक गेली.

निलेश : कधी?

जगन : तू बारावीला व्हतास त्या साली. चतुर्थीच्या आदल्या दिवशी मला ताप भरला. खाटेवरनं उठवंना. जिते गावची माणसं आली, त्यांची ठरलेली मूर्ती हातात घेताना पडली नि फुटली. तू तुझ्या फळीवरची उचलून दिलीस. मी संध्याकाळी उठलो तवा फळी रिकामी.

निलेश : आठवतं. जिते स्टेशनच्या पलीकडचे. एक म्हातारी होती बरोबर, गोदूबाई. सगळ्या वाटेनं मूर्ती मांडीवर धरून नेणार म्हणाली.

जगन : तीच.

निलेश : काही बोलली का ती नंतर? रेघ जाड आहे, डोळा बिघडलाय, असं?

जगन : पुढल्या साली आली परत. सगळ्या फळ्या फिरून बघितल्या. माझ्या बघितल्या, आबांच्या जुन्या बघितल्या. म्हणाली, यातली नको. गेल्या साली ज्या हाताची दिलीत, त्याच हाताची द्या.

नम्रता : मग तुम्ही काय सांगितलंत?

जगन : म्हटलं, तो कारागीर सोडून गेला.

निलेश : त्या साली मी कंपनीत नव्हतो, दादा. कंपनीत दोन वर्षांनी लागलो.

जगन : ठावं हाय.

निलेश : मग मी कुठं होतो?

जगन : इथंच. पाठच्या पडवीत रंग कालवत व्हतास. हाक मारली असती तर आला असतास.